चित्र दिसतं, मग अजून काय हवं?

कॅमेरा संगणकाला जोडला, पडद्यावर आपला चेहरा दिसला, की बहुतेकांच्या लेखी विषय संपतो. माझा विषय तिथून सुरू होतो. लिनक्ससाठी कॅमेऱ्यांचे ड्रायव्हर लिहिणं आणि तपासणं हे माझं पोटापाण्याचं काम. लिनक्स ही विंडोजसारखीच एक संगणकप्रणाली, आणि ड्रायव्हर म्हणजे तिची उपकरणाशी गाठ घालून देणारा प्रोग्रॅम. गोव्यात, फोंडा तालुक्यातल्या घरी बसून ते करते. घरी आलेले पाहुणे हमखास विचारतात की कॅमेऱ्याचं काम म्हणतेस, मग समोर एकही चित्र कसं नाही? काळ्या खिडकीत पांढरी अक्षरं सरकत असतात, एवढंच त्यांना दिसतं. त्यांचं निरीक्षण बरोबर आहे. माझ्या दिवसाचा मोठा भाग चित्राशिवाय जातो, कारण कॅमेरा नीट चालतो याचा चित्र हा फार कच्चा पुरावा आहे.

चित्र दिसतं ते एका प्रोग्रॅमला, एका आकारात, त्या एका क्षणी. ड्रायव्हरने शब्द दिलेला असतो तो मात्र सगळ्यांना. आज ज्यांनी कॅमेरा उघडलाय त्यांना, आणि पाच वर्षांनी कुणी नवा प्रोग्रॅम लिहील त्यालाही. त्या माणसाला हा कॅमेरा कधी हातात मिळणार नाही, माझं नाव कळणार नाही. तो फक्त नियम वाचेल आणि धरून चालेल की पलीकडचा ड्रायव्हर ते पाळतो. त्याचा हा विश्वास खोटा ठरू नये, यासाठी माझी सगळी धडपड असते.

हे नियम लिहून ठेवलेले आहेत. ‘व्हिडिओ फॉर लिनक्स’ हे त्यांचं नाव. त्यांची दुसरी पिढी, जिला आम्ही व्हीफोरएलटू म्हणतो, ती २००२ साली कर्नलच्या, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याच्या, २.५ मालिकेत आली. पहिल्या पिढीची व्यवस्था २०११ मध्ये, २.६.३८ या आवृत्तीत, कायमची काढून टाकली. मधल्या काळात २००८ साली २.६.२६ बरोबर लॉरां पिंशार यांनी लिहिलेला यूव्हीसीव्हिडिओ हा ड्रायव्हर कर्नलमध्ये आला. त्याने मोठी सोय झाली. यूएसबीचं कॅमेऱ्यांसाठी ठरलेलं प्रमाण पाळणारा कुठलाही वेबकॅम त्या एकाच ड्रायव्हरवर चालू लागला. त्यापूर्वी प्रत्येक जातीच्या वेबकॅमसाठी वेगळा ड्रायव्हर शोधत बसावं लागे.

पण नियम लिहिले म्हणजे पाळले गेले असं नाही. ते पाळले जातात की नाही हे बघण्यासाठी व्हीफोरएलटू-कम्प्लायन्स नावाचं एक छोटं साधन आहे. ते मुख्यतः हान्स व्हेर्कुइल यांच्या हातचं. व्हीफोरएल-युटिल्स या पॅकेजमध्ये ते फुकट मिळतं. टर्मिनलमध्ये, म्हणजे त्याच काळ्या खिडकीत, नाव टाइप करायचं, कुठला कॅमेरा ते सांगायचं, एंटर दाबायचं. एकेका ओळीत एकेक चाचणी, पुढे ओके किंवा फेल. शेवटी एक बेरीज असते, एकूण किती, पास किती, फेल किती, वॉर्निंग किती. दिसायला एवढंच. पण ते जे प्रश्न विचारतं, त्यांत मला माणसाचा फार मोठा अनुभव आणि फार मोठी काळजी दिसते.

पहिलाच प्रश्न घ्या. तू कोण आहेस? ड्रायव्हरने एक ठरावीक तक्ता भरून परत द्यायचा असतो. त्यात स्वतःचं नाव, उपकरणाचं नाव, ते कुठल्या बसवर, म्हणजे संगणकातल्या कुठल्या जोडणीवर आहे, त्याला काय काय करता येतं, हे सगळं. तक्त्याच्या शेवटी काही रकाने राखीव आहेत, त्यांत आज काहीच लिहायचं नाही, शून्य ठेवायचं. आता गंमत बघा. साधन हा तक्ता ड्रायव्हरच्या हाती देण्याआधी त्यातल्या प्रत्येक बाइटमध्ये मुद्दाम २५५ हा आकडा भरून ठेवतं. कोरा कागद देतच नाही, रेघोट्या मारलेला देतं. तक्ता परत आला की ते बघतं, राखीव रकाने खरंच पुसले गेलेत का, की जुना कचरा तसाच परत आलाय? नाव जिथे संपायला हवं तिथे संपतं का? बसच्या नावाची सुरुवात ठरल्याप्रमाणे आहे का?

यात एवढं काय, असं नव्याने आलेल्या मुलांना वाटतं. राखीव रकाना कुणी वाचतच नाही, मग त्यात कचरा असला तर बिघडलं कुठे? आज बिघडत नाही हे खरंच. पण राखीव ठेवलंय ते उद्यासाठी. पुढच्या एखाद्या आवृत्तीत त्या रकान्याला अर्थ मिळेल, तेव्हाचा प्रोग्रॅम तिथला आकडा उत्तर म्हणून वाचेल, आणि माझ्या जुन्या ड्रायव्हरने निष्काळजीपणे सोडलेला कचरा त्याला खरं उत्तर वाटेल. दोष कुठे आहे हे शोधायला तेव्हा कुणाच्या तरी कित्येक रात्री जातील. आज एक ओळ लिहून तो त्रास वाचतो. अशी चाचणी ज्याला सुचली, त्याने तसल्या रात्री नक्की काढल्या असणार.

पुढे ते एक असा आदेश पाठवतं जो अस्तित्वातच नाही. ड्रायव्हरने गोंधळायचं नाही, हो म्हणायचं नाही, भलतीच चूक कळवायची नाही. ‘असा आदेश माझ्याकडे नाही’ हे सांगण्यासाठी एक ठरलेला क्रमांक आहे, तोच द्यायचा. एखादी गोष्ट आपल्याकडे नसणं वेगळं आणि असून आत्ता न जमणं वेगळं. प्रोग्रॅमला पुढचा मार्ग ठरवायचा असतो तो या फरकावरून. मग साधन तोच कॅमेरा दुसऱ्यांदा उघडून बघतं, आणखी कितीतरी वेळा उघडून बघतं. एका प्रोग्रॅमने चित्र घेणं चालू ठेवलं असेल तरी दुसऱ्याला निदान नाव-गाव विचारता आलं पाहिजे. ब्राइटनेस, कॉन्ट्रास्ट अशा प्रत्येक कंट्रोलला त्याची कमाल-किमान मर्यादा विचारून मुद्दाम मर्यादेच्या एक पाऊल बाहेरचा आकडा देतं. ड्रायव्हरने तो नाकारावा किंवा मर्यादेत आणून ठेवावा. दोन्ही चालतं, तिसरं काही चालत नाही.

माझी सगळ्यात आवडती चाचणी चित्राच्या आकाराची. प्रोग्रॅम म्हणतो, मला अमुक रुंदीचं, अमुक उंचीचं चित्र दे. कॅमेऱ्याकडे नेमका तो आकार नसला तर? व्हीफोरएलटूचा नियम असा की ड्रायव्हरने नुसतं नाही म्हणू नये, त्यातल्या त्यात जवळचा जो आकार देता येईल तो सांगावा. फोंड्याच्या बाजारातली मासळीवाली हेच करते. विसवण मागितली आणि नसली, तर ती मान फिरवत नाही. ‘विसवण ना, मोडसो आसा, बरो ताजो’ म्हणते आणि गिऱ्हाईक ठरवतं. या कामासाठी दोन आदेश आहेत. एक नुसती चौकशी करणारा, दुसरा खरोखर ठरवणारा. साधन दोन्ही वापरून ताडतं. चौकशी केली तेव्हा जे उत्तर मिळालं, तेच ठरवतानाही मिळालं पाहिजे. शिवाय नुसत्या चौकशीने कॅमेऱ्याची चालू मांडणी तसूभरही हलता कामा नये. हे दोन नियम मोडणारे ड्रायव्हर मी पुष्कळ पाहिलेत, आणि त्यांतल्या प्रत्येकाचं चित्र झकास दिसत होतं.

हे सगळं कार्यालयीन कामापुरतंच राहिलं असतं, तर त्यावर लिहायला मी बसले नसते. आमच्या गावच्या वाचनालयात जुन्या नाटकांच्या हस्तलिखित वह्या आहेत. गोव्यात देवळाच्या जत्रेला मराठी नाटक व्हायचं म्हणजे व्हायचंच, अजूनही होतं. गावातलीच माणसं रात्र रात्र तालमी करून उभी राहतात. छापील पुस्तक एखादंच, म्हणून प्रत्येकाने आपापली भूमिका हाताने उतरवून घेतलेली. काही वह्यांत पदांच्या चाली समासात लिहिलेल्या, काहींत प्रॉम्प्टरच्या खुणा, कुठे कुणी ‘इथे घाई करू नये’ असं लाल शाईने बजावलेलं. पावसाळ्यातला दमटपणा आणि कसर यांनी कडा खाल्ल्या आहेत. वाचनालयाच्या काकांनी ठरवलं की वह्या हाताळून आणखी फाटण्याआधी पानन् पान टिपून ठेवायचं. जुना लॅपटॉप होता, त्यावर लिनक्स होतं, वरून पान टिपणारे दोन यूएसबी कॅमेरे कुणीतरी देणगी म्हणून दिले होते. उघड्या वहीच्या डाव्या पानावर एक, उजव्यावर एक, अशी योजना.

मी गेले तेव्हा एका कॅमेऱ्याचं काम सुरू झालेलं होतं. मी खिशातला पेनड्राइव्ह काढून टर्मिनल उघडलं, तसे काका म्हणाले, “पान दिसता मगो, बाय? आनी कितें जाय?”

पान दिसत होतंच. मी म्हटलं, “काका, थोडं थांबूया. सगळ्या वह्या झाल्यावर कळण्यापेक्षा आत्ता कळलेलं बरं.”

एका कॅमेऱ्यात ब्राइटनेसच्या चाचणीपुढे फेल आलं. या साधनाचा एक मोठा गुण म्हणजे ते नुसतं फेल म्हणून सोडत नाही. चाचणीच्या सोर्स फाइलचं, म्हणजे तिचा मूळ कोड जिथे लिहिलाय त्या फाइलचं, नाव आणि ओळीचा क्रमांक सोबत देतं. ती ओळ उघडून वाचली की नेमका कुठला नियम मोडला ते कळतं. कॅमेरा स्वतःच सांगत होता की माझ्या ब्राइटनेसची मर्यादा इथपासून इथपर्यंत, आणि माझा मूळचा आकडा मात्र त्या मर्यादेच्या वरचा. दोन्ही विधानं त्याचीच आणि एकमेकांना खोडणारी. ड्रायव्हरचा यात दोष नव्हता, कॅमेऱ्याच्या पोटातल्या फर्मवेअरचा होता. साध्या भाषेत याचा परिणाम असा की टिपण्याच्या प्रोग्रॅममध्ये ‘पूर्ववत करा’ हे बटण कुणी दाबलं, की ब्राइटनेस थेट वरच्या टोकाला जाऊन अडकणार आणि पान पांढरंफटक येणार. फिक्या निळ्या शाईत लिहिलेल्या वह्यांचं अक्षर त्यात पार विरून जाणार. मुलं आलटून पालटून काम करणार होती. कुणीतरी ते बटण दाबलंच असतं. आम्ही ब्राइटनेसचा योग्य आकडा शोधला, कॅमेरा जोडला की तो आपोआप बसेल अशी छोटी आज्ञा लिहून ठेवली, आणि ते बटण वापरू नये अशी चिठ्ठी लॅपटॉपला चिकटवली.

दुसरी अडचण जास्त चमत्कारिक होती. दोन्ही कॅमेरे एकत्र सुरू केले की दुसरा अडायचा आणि पडद्यावर यायचं, ‘उपकरणावर जागा शिल्लक नाही.’ मुलांनी लगेच डिस्क तपासली. ती बहुतांश रिकामी होती. तरी त्यांनी जुने फोटो, गाणी पुसून आणखी जागा केली. संदेश तोच. इथे साधनाचा उपयोग वेगळ्या तऱ्हेने झाला. प्रत्येक कॅमेरा एकटा जोडून मी प्रत्यक्ष चित्रांच्या प्रवाहाची चाचणी चालवली. त्यात ते खरोखर फ्रेम, म्हणजे प्रवाहातलं एकेक चित्र, मागवतं, फ्रेमचे क्रमांक ओळीने येतात का, वेळेचा शिक्का बरोबर आहे का, बफर, म्हणजे चित्र ठेवायचे मेमरीतले कप्पे, दिले-घेतले जातात का, ते पाहतं. दोन्ही कॅमेरे एकेकटे पास. म्हणजे कॅमेरे ठीक, ड्रायव्हर ठीक. दोष होता तो दोघांच्या सामायिक वाटेत.

ती वाट म्हणजे यूएसबी. यूएसबी २.० चा वेग सेकंदाला ४८० मेगाबिट, म्हणजे कागदावर ६० मेगाबाइट. कॅमेऱ्यासारख्या वेळ चुकवून न चालणाऱ्या वाहतुकीसाठी त्यातला जास्तीत जास्त ८० टक्के भाग आधी राखून ठेवता येतो, म्हणजे ४८ मेगाबाइट. ६४० गुणिले ४८० आकाराचं न दाबलेलं (अनकॉम्प्रेस्ड) चित्र, सेकंदाला ३० फ्रेम, हा हिशेब साधारण १८ मेगाबाइटचा होतो. दोन कॅमेऱ्यांचे ३६. मग मावायला हवं. पण पुष्कळ कॅमेरे लागेल तेवढंच आरक्षण मागत नाहीत; सरळ जास्तीत जास्त मिळेल तेवढं मागतात. ते असतं साडेचोवीसच्या थोडं वर. दोन कॅमेऱ्यांचे झाले ४९, आणि आहेत ४८. पहिल्याला मिळतं, दुसऱ्याला कर्नल सांगतो की जागा नाही. जागा डिस्कवरची नव्हे, तारेवरची. असे हावरे कॅमेरे इतके आहेत की यूव्हीसीव्हिडिओ ड्रायव्हरमध्ये न दाबलेल्या चित्रांसाठी खरा हिशेब स्वतः करून कमी आरक्षण मागण्याची खास सोय ठेवावी लागली. वाचनालयात त्याचीही गरज पडली नाही. दुसरा कॅमेरा लॅपटॉपच्या दुसऱ्या बाजूच्या, वेगळ्या कंट्रोलरवर, म्हणजे यूएसबीच्या वेगळ्या वाटेवर, असलेल्या पोर्टला लावला आणि दोन्ही पानं शेजारी शेजारी दिसू लागली.

या साधनाला सगळं कळतं असं मी म्हणणार नाही. ते चित्राकडे बघतच नाही. भिंगावर झाकण ठेवून चाचणी चालवा, सगळं पास होईल, कारण काळी फ्रेमसुद्धा नियमाने आलेली फ्रेमच. आमच्याकडे जून ते सप्टेंबर हवेत एवढं पाणी असतं की भिंगावर आतून बुरशी धरते, कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक रेघा उमटतात. पास-फेलच्या यादीत ती बुरशी कुठेही येणार नाही. ती माणसाने उजेडात धरूनच बघायची. वह्या टिपायला घेण्यापूर्वी काका रोज भिंग पुसून, छापील वर्तमानपत्राचं एक पान टिपून, बारीक टाइप वाचता येतो का ते बघतात. ही चाचणी त्यांची त्यांनीच बसवलेली आहे आणि ती उत्तम आहे. माझ्या साधनाला जे दिसत नाही, ते नेमकं तिला दिसतं.

आणखी एक गोष्ट साधन करत नाही. ते मध्येच तार ओढत नाही. आमच्याकडे पावसाळ्यात ते काम आपोआप होतं. वीज गेली की लॅपटॉप बॅटरीवर चालू राहतो, पण वेगळ्या वीजपुरवठ्याचा यूएसबी हब मरतो आणि त्यावरचा कॅमेरा चित्र देता देता नाहीसा होतो. ड्रायव्हरसाठी याहून अवघड घडी नाही. बफर हातात आहेत, प्रोग्रॅम पुढच्या फ्रेमची वाट बघतोय, आणि उपकरणच उरलं नाही. अशा वेळी नीट लिहिलेला ड्रायव्हर प्रोग्रॅमला स्वच्छ सांगतो की उपकरण गेलं, घेतलेली सगळी मेमरी परत करतो आणि शांतपणे बाजूला होतो. नीट न लिहिलेला सगळा संगणक घेऊन बसतो. म्हणून घरी कुठलाही ड्रायव्हर पूर्ण झाला असं मानण्याआधी प्रवाह चालू असताना मी तार हाताने ओढते, पुन्हा लावते, पुन्हा ओढते.

ज्यांच्याकडे कॅमेराच नाही त्यांच्यासाठीही सोय आहे, आणि ही गोष्ट मी इथल्या मुलांना आवर्जून सांगते. फर्मागुडीच्या इंजिनीअरिंग कॉलेजातल्या काही जणांना वाटतं की कर्नलमध्ये काम करायचं तर महागडे बोर्ड हवेत, मोठ्या शहरातली प्रयोगशाळा हवी. २०१४ पासून, म्हणजे ३.१८ आवृत्तीपासून, कर्नलमध्ये व्हिव्हिड नावाचा एक ड्रायव्हर आहे. त्याच्यामागे कुठलंही यंत्र नाही. तो वेबकॅमचं सोंग घेतो, टीव्ही कार्डाचं घेतो, एचडीएमआयचं घेतो, रंगांच्या उभ्या पट्ट्यांचं चित्र स्वतः रंगवून देतो. सांगितलं तर मुद्दाम काही फ्रेम गाळतो, मुद्दाम चुका करतो, उपकरण निघून गेल्याचंही नाटक करतो. कम्प्लायन्सची चाचणी त्याच्यावर चालवायची, तिचा सोर्स शेजारी उघडायचा, आणि एकेक चाचणी काय विचारते ते वाचत जायचं. साधा लॅपटॉप पुरतो. मी स्वतः व्हीफोरएलटूचे नियम जेवढे नियमावलीतून शिकले, तेवढेच या चाचण्यांच्या सोर्समधून शिकले. नियमावली सांगते काय करावं. चाचणी वाचली की लोक नेमके कुठे कुठे अडखळले ते कळतं.

आणि ही मुलं कधी स्वतः ड्रायव्हर पाठवतील, तेव्हा त्यांना याच दारातून जावं लागणार आहे. लिनक्सच्या मीडिया विभागाचा दंडकच आहे की नवा ड्रायव्हर द्यायचा तर ही चाचणी पास झाली पाहिजे आणि तिचा निकाल सोबत जोडला पाहिजे. तोही जुन्या, आयत्या मिळालेल्या साधनाचा नको. ताजा सोर्स आणून, त्यातून साधन स्वतः बांधून (कंपाइल करून), त्याचा. पाठवणारा मोठ्या कंपनीचा असो की खेड्यातला विद्यार्थी, प्रश्न तेच आणि अपेक्षाही तीच. मला हे फार मोलाचं वाटतं. ज्यांना मी कधी भेटणार नाही अशा लोकांनी माझं काम स्वीकारलं ते माझ्या ओळखीवर किंवा पत्त्यावर नाही, त्या ओळींवर.

वाचनालयात आता दोन्ही कॅमेऱ्यांचे चाचणीचे निकाल छापून एका फाइलमध्ये ठेवलेले आहेत. लॅपटॉपवर कर्नल नवा आला, किंवा कॅमेरा बदलला, की चाचणी पुन्हा चालवायची आणि जुना कागद शेजारी ठेवून ओळी ताडायच्या. हे काम बारावीतली एक मुलगी करते. परवा तिने नव्या कर्नलवर चाचणी घेतली, फेल तेवढेच होते, पण वॉर्निंग एक वाढली होती. “ताई, वॉर्निंग म्हणजे नापास का?” असं तिने फोनवर विचारलं. मी म्हटलं, नापास नाही, पण ती ओळ मला जशीच्या तशी वाचून दाखव, फाइलचं नाव आणि क्रमांकासकट. तिने सावकाश वाचली. मी लॅपटॉप उघडला, ती फाइल काढली आणि त्या क्रमांकावर गेले.